दुर्बिणीच्या मागे काय लावणार?

दुर्बीण घेणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. निधी मंजूर होतो, निविदा निघते, काही महिन्यांत खोकी येऊन पडतात, गच्चीवर घुमट बसतो आणि फीत कापली जाते. त्या निविदेत आरशाचा व्यास असतो, माउंट किती वजन पेलेल ते असतं, घुमटाचं माप आणि आयपीसची संख्याही असते. गोळा केलेला प्रकाश पुढे कुठे जाणार, याबद्दल मात्र बहुधा एक ओळही नसते. मग तो पाहुण्यांच्या डोळ्यांत जातो: चंद्र, शनीची कडी, गुरूचे चार चंद्र. पहिल्या वर्षी रांग लागते. तिसऱ्या वर्षी घुमटाची किल्ली कुणाकडे आहे, याची चौकशी करावी लागते.

नागपूर आणि आसपास खगोलशास्त्रावर सार्वजनिक पैसा खर्च व्हायचा असेल, मग तो विद्यापीठाचा असो, जिल्हा नियोजनाचा असो की पर्यटनाचा, तर त्यातला पहिला मोठा वाटा आरशाच्या व्यासावर न घालता स्पेक्ट्रोग्राफवर घालावा. आणि तो स्पेक्ट्रोग्राफ जमेल तितका इथेच बांधावा. हे म्हणणं भावनेचं नाही, त्यामागे साधं गणित आहे.

स्पेक्ट्रोग्राफ ताऱ्याचा प्रकाश रंगांत फाकवतो आणि त्या पट्ट्याची, म्हणजे वर्णपटाची, नोंद ठेवतो. दोन जवळच्या तरंगलांबी तो किती बारकाईने वेगळ्या दाखवतो, ही त्याची पृथक्करण क्षमता. ती ठरते ती ग्रेटिंगवर (प्रकाश फाकवणाऱ्या, बारीक रेषा आखलेल्या काचेवर) पडणाऱ्या झोताची रुंदी, ग्रेटिंगचा कोन, दुर्बिणीचा व्यास आणि स्लिटची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या फटीची, आकाशातली रुंदी किती, यावर. यात दुर्बिणीचा व्यास भागाकारात येतो. म्हणजे दुर्बीण दहापट मोठी केली, तर तीच क्षमता टिकवायला झोत, ग्रेटिंग आणि लेन्स सगळं दहापट मोठं करावं लागतं. २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला १२.५ मिलिमीटरचा झोत पुरतो, तर २ मीटरच्या दुर्बिणीला १२५ मिलिमीटरचा लागतो. तेवढं ग्रेटिंग आणि तेवढ्या लेन्स म्हणजे कोट्यवधींचं काम आणि काही वर्षांची वाट. लहान दुर्बिणीला तीच बारकाई तळहातावर मावणाऱ्या भागांत मिळते. अंधुक तारे तिच्या हाती लागत नाहीत हे खरं, पण तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत गच्चीवरचं यंत्र कुणापुढे मान खाली घालत नाही.

उदाहरण बाहेरचं नको असेल तर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं घ्या. माउंट अबूवरची त्यांची एक दुर्बीण १.२ मीटरची, म्हणजे आजच्या जगात अगदी मध्यम. पण तिच्यामागे ‘पारस’ हा स्पेक्ट्रोग्राफ त्यांनी स्वतः उभा केला, हवा काढलेल्या टाकीत, तापमान अंशाच्या शतांशापर्यंत स्थिर ठेवून. २०१८ मध्ये या जोडीने दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या एका ग्रहाचं वस्तुमान मोजलं. लडाखमधल्या हानलेच्या २ मीटर दुर्बिणीवरचा बारीक पृथक्करणाचा स्पेक्ट्रोग्राफ मात्र न्यूझीलंडमध्ये तयार झाला, आणि नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीचा अंधुक वस्तूंसाठीचा स्पेक्ट्रोग्राफ तिथल्याच संस्थेने घडवला. म्हणजे देशात हे काम येणारे लोक आहेत, पण ते मोजक्या संस्थांत आहेत. ते वाढायचे तर शिकायला लहान यंत्रं लागतात, आणि लहान यंत्रं मोठ्या संस्था सहसा बनवत नाहीत.

विदर्भाला हा विषय परका नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इथून गेला. हिल्स आणि न्यूऑल या ब्रिटिश निरीक्षकांची तुकडी स्पेक्ट्रोस्कोप घेऊन पुलगावला थांबली होती. वऱ्हाडातल्या तळणीला जॉन एव्हरशेड यांनी ग्रहणाच्या काठावर क्षणभर चमकणाऱ्या वर्णपटाची छायाचित्रं घेतली. हेच एव्हरशेड १९०७ मध्ये कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत आले, आणि सूर्यडागांतून बाहेर वाहणाऱ्या वायूचा १९०९ चा त्यांचा शोध आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. (याच ग्रहणासाठी इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर विजयदुर्गला आले होते. १८६८ मध्ये तिथून हेलियम सापडला ही आपल्याकडची लाडकी गोष्ट खरी नाही. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते.) आणि ज्यांच्या नावाचं विज्ञान केंद्र गांधीसागर तलावाजवळ उभं आहे, ते रामन सरकारी हिशेब खात्यात असताना काही काळ नागपुरात होते. १९२८ मध्ये प्रकाशाच्या विकिरणाचा शोध लावताना त्यांनी सूर्यप्रकाश एकवटायला १८ सेंटिमीटर व्यासाचं दुर्बिणीचं भिंग वापरलं आणि उत्तर पाहिलं ते साध्या स्पेक्ट्रोस्कोपमधून. दुर्बिणीचं भिंग आणि स्पेक्ट्रोस्कोप ही जोडी त्यांच्या टेबलावर होती. त्यांचं नाव घेणाऱ्या शहरात ती गच्चीवर नसावी, हे जरा विचित्रच.

आता यंत्राकडे येऊ. बीएस्सी भौतिकशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत टेबलावरचा स्पेक्ट्रोमीटर असतो: स्लिट, कोलिमेटर, मधे प्रिझम किंवा इंचाला १५,००० रेषांचं ग्रेटिंग, आणि पाहायला लहान दुर्बीण. सोडियमचा दिवा लावायचा, व्हर्निअर वाचायचा, ५८९० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आसपासचं उत्तर जर्नलमध्ये उतरवायचं. वर्षानुवर्षं हेच चालू आहे. ताऱ्यांसाठीच्या स्पेक्ट्रोग्राफची मांडणी अगदी हीच. फरक एवढाच की स्लिटपुढे सोडियमचा दिवा नसून तारा असतो आणि डोळ्याच्या जागी कॅमेरा.

समजा ८ इंची, एफ/१०, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या दहापट असलेली दुर्बीण आहे. तिचं नाभीय अंतर सुमारे २०३० मिलिमीटर, म्हणजे नाभीच्या पातळीवर १० मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळपास १ आर्कसेकंद, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. शहरातल्या रात्री हवेमुळे ताऱ्याचा ठिपका सहज ३ आर्कसेकंदांचा होतो, तेव्हा २५ मायक्रॉनची स्लिट ठीक. त्यापेक्षा बरीच अरुंद केली तर निम्म्याहून अधिक प्रकाश बाहेरच राहतो. पुढे १२५ मिलिमीटरचा कोलिमेटर (प्रकाशाचा झोत समांतर करणारी लेन्स), मिलिमीटरला १२०० रेषांचं २५ मिलिमीटर बाजूचं ग्रेटिंग, आणि १२५ मिलिमीटरचीच कॅमेरा लेन्स. सेन्सरवर मिलिमीटरला साधारण ६० अँगस्ट्रॉम पसरतात. स्लिटची प्रतिमा १.५ अँगस्ट्रॉमची होते, म्हणजे हायड्रोजनच्या ६५६३ या तांबड्या रेषेपाशी पृथक्करण ४,००० च्या वर. ११ मिलिमीटर रुंद सेन्सरवर एका वेळी ६५० ते ७०० अँगस्ट्रॉमचा पट्टा मावतो. तारा जवळ येतो की लांब जातो त्यानुसार रेषा सरकतात, आणि ३.७६ मायक्रॉनच्या एका पिक्सेलमागे वेगाचा फरक सेकंदाला सुमारे १० किलोमीटर. त्याच डब्यात ३०० रेषांचं ग्रेटिंग बसवलं तर जवळजवळ सगळा दृश्य पट्टा एकदम मिळतो, पृथक्करण हजारावर येतं, पण नवतारा कोणत्या प्रकारचा ते ओळखायला एवढं पुष्कळ झालं. फक्त ७६०० अँगस्ट्रॉमच्या पुढे ग्रेटिंगने दुसऱ्यांदा फाकवलेला (दुसऱ्या क्रमाचा) निळा प्रकाश तांबड्यावर येऊन बसतो, तिथे पिवळा फिल्टर लावावा लागतो.

यातलं ग्रेटिंग, स्लिट, लेन्स आणि कॅमेरा विकत घ्यावेत. ग्रेटिंग नागपुरात आखण्याच्या भानगडीत पडू नये, लेन्स घासण्याच्याही नाही. बाकीचं सगळं इथेच होऊ शकतं: हिंगणा एमआयडीसीतल्या सीएनसी यंत्रांवर ॲल्युमिनियमची चौकट, ग्रेटिंग फिरवायचा मायक्रोमीटर, कॅलिब्रेशनच्या (तरंगलांबी ताडून पाहण्याच्या) दिव्याची पेटी, नियंत्रणाचा सर्किट बोर्ड, मोजमापाचं सॉफ्टवेअर. यंत्र चांगलं की वाईट हे बहुतेक वेळा याच भागांवर ठरतं.

सगळ्यात जास्त रात्री वाया जातात त्या गाइडिंगपायी, म्हणजे तारा जागेवर धरून ठेवण्यापायी. २५ मायक्रॉनच्या फटीत तारा वीस मिनिटं धरून ठेवायचा असतो. त्यासाठी स्लिटची पट्टी आरशासारखी चकचकीत आणि किंचित तिरकी हवी, म्हणजे फटीबाहेर सांडलेला प्रकाश दुसऱ्या लहान कॅमेऱ्याकडे जातो आणि तारा कुठे सरकतोय ते दिसतं. दाढीच्या दोन पात्यांची स्लिट सूर्यासाठी आणि दिव्यासाठी छान, पण ताऱ्यासाठी नाही, कारण तिच्यावर काहीच दिसत नाही. पैसे वाचवायला हा दुसरा कॅमेरा यादीतून सर्वांत आधी खोडला जातो. मग यंत्र कपाटात जातं.

दुसरं वाकणं. मागे लटकलेलं दोन किलोचं यंत्र दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे गेली की स्वतःच्याच वजनाने लवतं. सेन्सर ग्रेटिंगच्या तुलनेत चारच मायक्रॉन सरकला तरी सेकंदाला दहा किलोमीटरचा खोटा वेग निघतो. याला उपाय म्हणजे आखूड चौकट, जाड तळपट्टी, कोपऱ्यांत बरगड्या, आणि कॅमेरा एकाच नळीच्या टोकाला लटकवण्याऐवजी चौकटीलाच पक्का. फायबरने प्रकाश खालच्या खोलीत नेला तर वाकण्याचा प्रश्न सुटतो, पण प्रकाश गळतो आणि तारा फायबरच्या तोंडावर धरणं आणखी कठीण होतं. पहिलं यंत्र दुर्बिणीवरच असावं, फायबर दुसऱ्याला.

तिसरी गोष्ट खास नागपूरची, उष्मा. परदेशी आराखडे थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकमध्ये छापायला सांगतात. हे प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या बंद घुमटात ठेवलेला असा डबा भरवशाचा नाही. शिवाय तापमानाने तो ॲल्युमिनियमच्या तिपटीने प्रसरण पावतो. ॲल्युमिनियम वापरलं तरी सगळं संपत नाही. ग्रेटिंगची काच स्वतःच प्रसरण पावते, आणि एका अंशामागे रेषा सेकंदाला दोन-अडीच किलोमीटरइतकी सरकते. उन्हाळ्यात रात्री नऊपासून पहाटेपर्यंत पारा दहा अंश उतरला, तर फरक पंचवीस किलोमीटरपर्यंत जातो. म्हणून दर अर्ध्या तासाला, आणि प्रत्येक ताऱ्याच्या आधी व नंतर, कॅलिब्रेशन घ्यावंच लागतं. त्याला महागडा दिवा लागत नाही. विजेच्या टेस्टरमध्ये असतो तो निऑनचा बारका बल्ब कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो, आणि ६५०६.५, ६५९९.०, ६६७८.३ या त्याच्या रेषा हायड्रोजनच्या रेषेच्या दोन्ही अंगांना नेमक्या हव्या तिथे पडतात. निळ्या बाजूला जुन्या सीएफएलमधल्या पाऱ्याच्या ४३५८.३ आणि ५४६०.७. एकच काळजी घ्यायची, ती म्हणजे दिव्याचा प्रकाश दुर्बिणीच्या प्रकाशासारखाच एफ/१० चा शंकू होऊन आत शिरला पाहिजे. बल्ब नुसता स्लिटजवळ धरला तर तो कोलिमेटरचा वेगळाच भाग उजळतो, आणि सगळी मोजणी सारख्याच प्रमाणात चुकते. अशी चूक सहज सापडत नाही, कारण आकडे आपापसांत सुंदर जुळतात. सपाट प्रकाशासाठी, म्हणजे सेन्सरचा असमानपणा मोजायला, हॅलोजनचा बल्ब लावावा. एलईडीच्या वर्णपटात निळ्यानंतर मोठा खड्डा असतो, म्हणून तो चालत नाही.

कॅमेऱ्याच्या थंडाव्याचंही तसंच. विजेवर थंड होणारे सेन्सर हवेपेक्षा ३५ ते ४० अंश खाली जातात. डिसेंबरच्या रात्री उणे वीस सहज मिळतात, मे महिन्यात उणे पाचसुद्धा धापा टाकत. तेव्हा वर्षभरासाठी एकच आकडा न ठरवता हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा असे दोन ठरवावेत, आणि डार्क चित्रांचे, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या चित्रांचे, संचही दोन. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत आकाश जवळपास बंदच असतं. त्या महिन्यांत यंत्र उतरवून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद पेटीत ठेवायचं, नाहीतर लेन्सवर बुरशी चढते. ग्रेटिंगवर धूळ बसली तर रबरी फुग्याने हवा मारायची, बोट किंवा कापड लावायचं नाही. एका उत्साही पुसण्यात ग्रेटिंग कायमचं जातं, आणि पुसणारा हेतूने नेहमी चांगलाच असतो.

या सगळ्यावर नागपुरात पहिला आक्षेप ठरलेला: इथल्या आकाशात दिव्यांचा एवढा उजेड, मग खगोलशास्त्र कसलं? सगळं पेंचला न्या. पेंचचं कौतुक रास्तच आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, त्यासाठी गावांतले दिवे खाली तोंड करणारे बसवले गेले. आकाशगंगा पाहायला, छायाचित्रं घ्यायला तिथेच जावं. पण स्पेक्ट्रोग्राफचा हिशेब निराळा आहे. शहराच्या आकाशाची चमक चौरस आर्कसेकंदाला १८ मॅग्निट्यूड धरू (हे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं तेज कमी), म्हणजे बऱ्यापैकी उजळ. स्लिटचा ताऱ्यासाठी वापरलेला तुकडा साडेबारा चौरस आर्कसेकंदांचा, त्यात आकाशाचा उजेड सव्वापंधरा मॅग्निट्यूडचा. सहाव्या मॅग्निट्यूडचा तारा त्याच्या हजारोपट तेजस्वी ठरतो, आणि उरलेला उजेड स्लिटच्या वरच्या-खालच्या भागातून मोजून वजा करता येतो. अशा ताऱ्याचा स्वच्छ वर्णपट, ज्यात संकेत गोंगाटाच्या शंभरपट असतो, ८ इंची दुर्बिणीवर दोन-तीन मिनिटांत मिळतो, आठव्या मॅग्निट्यूडला पंधरा-वीस मिनिटं लागतात. उलट, सत्तरेक किलोमीटरवरच्या जंगलात ठेवलेलं यंत्र कितीदा चालेल? दर निरभ्र रात्री कुणीतरी जाऊन स्लिटवर तारा आणला पाहिजे. ते वसतिगृहात राहणारी पोरं करतील, सुट्टीचे पर्यटक नाही.

आणि निरीक्षणाला विषय? शर्मिष्ठेतला मधला तारा गॅमा, ज्यात हायड्रोजनची रेषा काळी असण्याऐवजी चमकते हे इटालियन खगोलशास्त्रज्ञ सेकी यांनी १८६६ मध्ये पाहिलं. अशा ताऱ्यांभोवतालची वायूची चकती महिन्या-महिन्याला बदलते, आणि मोठ्या दुर्बिणींना तेवढा वेळ नसतो. त्यांचे वर्णपट जगभरातले हौशी आणि व्यावसायिक निरीक्षक पॅरिस वेधशाळेशी जोडलेल्या ‘बेस’ या संग्रहात जमा करतात. यातले पुष्कळ हौशी निरीक्षक युरोपातले. आपल्या अनुराधा नक्षत्रातला डेल्टा वृश्चिक घ्या. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा हा तारा २००० पासून असाच चमकू लागला, आणि त्याचा जोडीदार सुमारे पावणेअकरा वर्षांनी अगदी जवळून जातो. मागची जवळीक २०२२ ची, पुढची २०३३ च्या सुमारास. पॅरिसहून हा तारा क्षितिजावर जेमतेम १८ अंश चढतो, नागपुरातून ४६ अंश. शिवाय युरोपात अजून दिवस असतानाच इथे रात्र सुरू होते. इथल्या एका गच्चीवरून हा तारा दरवर्षी फेब्रुवारी ते मे सलग टिपला, तर ती नोंद दुसरीकडून सहज मिळणारी नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: फ्रान्समध्ये तयार संच मिळतात, मग बांधत कशाला बसायचं? पहिलं यंत्र विकत घ्यायला हरकत नाही, तुलनेला ते उपयोगीच पडेल. पण विकतच्या यंत्रावर विद्यार्थी वर्णपट घ्यायला शिकतो, यंत्र बांधायला शिकत नाही. विश्वेश्वरय्या संस्थेसारखं अभियांत्रिकीचं ठिकाण, भौतिकशास्त्राचे विभाग आणि एमआयडीसी एकाच शहरात असताना हे शिक्षण सोडणं परवडत नाही. मेकॅनिकलच्या मुलाला चार मायक्रॉनचं वाकणं म्हणजे काय, हे इथे पहिल्यांदा खरं कळतं, कारण त्याची चूक ताऱ्याच्या वेगात दिसते. आणि यंत्र बिघडलं तर ते दुरुस्तीला कुरिअरने परदेशी जात नाही. पैशाचंही अवघड नाही. लहान यंत्राचा खर्च, थंड कॅमेरा आणि गाइडिंगचा कॅमेरा धरून, अडीच-तीन लाखांच्या आसपास बसतो. घुमटाला यापेक्षा जास्त लागतात.

अवघड आहे ते माणसाचं. सरकारी कागदावर यंत्राला पैसे असतात, त्याला सांभाळणाऱ्याला नसतात. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला एक वर्ष मिळतं, मुलं जूनमध्ये जातात, पुढच्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून तंत्रज्ञाचं एक पद, किमान पाच वर्षांचं, हे यंत्राच्या किमतीतच धरावं. आरशाचा व्यास १४ इंचांवरून ८ वर आणला तर त्या पदाचा काही भाग तिथूनच निघेल. आराखडे, सर्किट आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं असावं, म्हणजे वर्धा-अमरावतीच्या कॉलेजांना पुन्हा तेच दार ठोठवावं लागणार नाही. आणि प्रदर्शनासाठी यंत्र उतरवून मांडवात नेण्याची परवानगी कुणालाही नसावी.

निविदेत लिहायचंच असेल तर लोकार्पणाच्या तारखेपेक्षा स्वीकृतीच्या तीन चाचण्या लिहाव्यात. १२०० रेषांच्या ग्रेटिंगवर सोडियमच्या ५८९० आणि ५८९६ या रेषा तळापर्यंत सुट्या दिसल्या पाहिजेत. दुर्बीण पूर्व क्षितिजापासून ३० अंशांवर ठेवून घेतलेला निऑनचा वर्णपट, पश्चिमेला तेवढ्याच उंचीवर ठेवून घेतलेल्या वर्णपटाशी एका पिक्सेलच्या आत जुळला पाहिजे. आणि सहाव्या मॅग्निट्यूडचा एक तारा गाइडिंगवर वीस मिनिटं स्लिटमध्ये टिकला पाहिजे, तोही शहरातूनच आणि पुरवठादाराच्या माणसाने हात न लावता. यातली एकही राहिली तर शेवटचा हप्ता द्यायचा नाही.